एकदा डेंग्यू झाला की परत होत नाही ना?

माडाखालचा (फोंडा):
आमच्या वाड्यावर परत डेंग्यू सुरू झालाय, शेजारच्या दोघांना ॲडमिट केलंय. मला दोन वर्षांपूर्वी ऐन चवथीच्या आदल्या दिवशी झालेला, गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला पण उठता आलं नाही. आई म्हणते गोवरासारखंच, एकदा होऊन गेला की शरीर ओळखून ठेवतं, त्यामुळे परसातल्या पाणी साठलेल्या करवंट्या उपड्या करायचं काम माझ्याच गळ्यात. मित्र म्हणतो दुसऱ्यांदा जास्त त्रास होतो. मग ते ओळखून ठेवलेलं गेलं कुठे?

लॅबवाली:
आई अर्धी बरोबर आहे. डेंग्यूचे व्हायरस चार प्रकारचे. तुम्हाला जो झाला तो सहसा परत होणार नाही, मेमरी सेल्स, म्हणजे झालेला आजार लक्षात ठेवणाऱ्या पेशी, त्याला विसरत नाहीत. बाकी तिघांपासून मात्र काही महिनेच बचाव. नंतर त्यातला एखादा आला की जुन्या अँटिबॉडी (पहिल्या वेळी व्हायरसला पकडायला शरीराने बनवलेली प्रथिनं) त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत, आणि अँटिबॉडी चिकटलेलं दिसलं की गिळून टाकायचं हेच काही पांढऱ्या पेशींचं काम, त्यामुळे व्हायरस आयता आत शिरतो आणि तिथेच वाढतो. सगळ्यांचं असं होत नाही हां, घाबरू नका, पण धोका वाढतो हे खरं.

जुना मास्तर:
गोवराचं मात्र आईचं शंभर टक्के बरोबर. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ साली गोवराची मोठी साथ आली, पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तपासायला गेला. त्याआधीची साथ १७८१ ची! तेव्हा ज्यांना गोवर झालेला त्या म्हाताऱ्यांपैकी त्याला भेटलेल्या एकालाही परत झाला नाही. ६५ वर्षं! मला काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही.

माडाखालचा (फोंडा):
😄 मग आता ताप आला तर काय करू?

लॅबवाली:
डॉक्टरकडे जा आणि आधी होऊन गेलाय हे आठवणीने सांगा. ब्रुफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने अजिबात नको, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणून लगेच कामावर पळू नका, खरी गडबड बऱ्याचदा तेव्हाच होते, पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या की थेट हॉस्पिटल. आणि हा मच्छर दिवसाढवळ्या चावतो, तेव्हा परसात जाताना फुल शर्ट घाला.

माडाखालचा (फोंडा):
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे अजून तीन राहिले?" करवंट्या आता भावाकडे.