पीए नक्की चालेल
आईंना मेडिकेअर (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) मिळालं, पण डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन महिन्यांनंतरची, तर पीएकडे (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसारखी तपासणी-उपचार करणारे प्रशिक्षित सहाय्यक) नेलं तर चालेल का, असं विचारलंत. बिनधास्त न्या. पीएची तपासणी मेडिकेअरला मान्य आहे, फक्त दर डॉक्टरच्या ८५ टक्के लागतो. मेडिकेअरच्या साइटवर 'केअर कंपेअर'मध्ये झिपकोड टाकून नावं काढा, पण त्या यादीवर विसंबू नका. फोन करून "नवे मेडिकेअर पेशंट घेता का?" असंच विचारा. अ‍ॅडव्हांटेज प्लॅन (खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर त्याचं नाव आधी सांगा, नेटवर्क, म्हणजे त्या प्लॅनमध्ये चालणाऱ्या डॉक्टरांचं जाळं, वेगळं असतं.

माझ्या सासूबाईंची बीपीची वही आमच्या पीएने पानन्‌पान चाळली, आकड्यांवर बोट ठेवून एकेक विचारलं. इतका वेळ त्यांना याआधी कुणीच दिला नव्हता.