अँटिव्हायरस बॉइंकची फाइल ट्रोजन म्हणून उचलतोय. सूट द्यावी का?

फॉर्मवाला_सातरस्ता

सात रस्त्याजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. रात्री शटर ओढलं की आतला पीसी बॉइंकवर (रिकाम्या कॉम्प्युटरची ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर) सोडून जातो, त्यात आइनस्टाइन ॲट होम हा प्रकल्प जोडलाय. (हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार म्हणून वाचत गेलो. तर अमेरिकेतल्या लायगोचा डेटा चाळायला लोक 2005 पासून घरचे कॉम्प्युटर देताहेत असं कळलं. म्हटलं, आपलाही हातभार.)

परवा सकाळी बघतो तर स्क्रीनवर लाल चौकट. धोका सापडला, फाइल क्वारंटाइन केली, म्हणजे बाजूला कोंडून ठेवली. नावात ट्रोजन (साधा प्रोग्राम असल्याचं सोंग घेणारा व्हायरस), पुढं जेनेरिक, म्हणजे नेमकं नाव नाही, ढोबळ संशय. बॉइंकमध्ये टास्कसमोर (प्रकल्पानं दिलेल्या कामासमोर) कॉम्प्युटेशन एरर. शेजारचा मोबाइलवाला डोकावला आणि म्हणाला, "ओ अण्णा, तुमच्या पीसीवर कुणीतरी बिटकॉइन काढायलंय, आधी उडवा ते."

नेटवर जो तो सांगतोय, फॉल्स पॉझिटिव्ह म्हणजे खोटा गजर आहे, एक्सक्लूजनमध्ये टाका, म्हणजे तपासणीतून सूट द्या. मला हे असं पटेना. अँटिव्हायरसच चुकलाय हे ठरवायचं कसं? ह्याच पीसीवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होतात.

चादर_आयटी

अण्णा, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोन-तीन चादर कारखान्यांचे कॉम्प्युटर बघतो. मोबाइलवाल्याचा संशय अगदीच वेडा नाही. बॉइंक स्वतःहून नेटवरून एक्झी, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली उतरवतं, मागं गुपचूप चालवतं, प्रोसेसर 100 टक्के ओढतं आणि सारखं बाहेरच्या सर्व्हरशी बोलतं. बिटकॉइन काढणारा प्रोग्राम, म्हणजे मायनरही नेमकं हेच करतो. अँटिव्हायरस वागणं बघतो, हेतू त्याला कळत नाही.

त्यात प्रकल्पानं नवी आवृत्ती सोडली की ती फाइल जगात फार थोड्या मशीनवर असते. प्रकल्पवाले फाइलवर आपली डिजिटल सही करतात, बॉइंक ती तपासूनच चालवतं. पण विंडोजला हवी असते ती प्रकाशकाची सही बऱ्याच वेळा नसते. मग अनोळखी, बिनसहीची, प्रोसेसर खाणारी फाइल म्हणून गल्लीत नवा माणूस आल्यासारखं सगळे भुंकतात.

आता तपासा असं. बॉइंक अधिकृत साइटवरूनच उतरवलं होतं ना? क्वारंटाइनच्या यादीत फाइलचा पूर्ण पत्ता बघा. सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा, त्यात बॉइंक, त्यात प्रोजेक्ट्स किंवा स्लॉट्स, असा असेल तर जागा बरोबर आहे. प्रोग्रामडेटा लपवलेलं असतं, आधी दिसतं करून घ्या. मग फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) व्हायरसटोटल ह्या तपासणीच्या साइटवर टाका. तिथं सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं आहेत. एकदोघांनीच जेनेरिक किंवा ह्युरिस्टिक (नुसत्या अंदाजानं) म्हटलं तर बहुतेक खोटा गजर. मोठ्या नावांनी मिळून एकाच व्हायरसचं नाव घेतलं तर हात लावू नका.

सगळं ठीक निघालं तर सूट फक्त त्या बॉइंक फोल्डरला द्या. अख्ख्या सी ड्राइव्हला सूट देणारे महाभाग मी कारखान्यात बघितलेत. आणि अँटिव्हायरस कंपनीला फॉल्स पॉझिटिव्हच्या फॉर्मवरून फाइल पाठवाच. त्यांनी यादी सुधारली तर सगळ्यांचंच काम होतं.

रात्रपाळी

दादांचं बरोबर, पण एक भर. 2024 मध्ये बनावट ब्राउझर अपडेटमधून लोकांच्या मशीनवर खरं बॉइंकच बसवलं होतं. फाइलचं नाव बदललेलं आणि जोडलेलं चोरांच्या सर्व्हरला. म्हणजे सॉफ्टवेअर अस्सल, मालक भलताच. म्हणून बॉइंक मॅनेजरमध्ये प्रोजेक्ट्स उघडून आपण न जोडलेलं काही आहे का बघा.

आणि खरं सांगू का, आधार कार्डं असलेल्या मशीनवर मी कुठल्याच फोल्डरला सूट दिली नसती. खोटा गजर असला तरीही.

फॉर्मवाला_सातरस्ता

बघितलं. पत्ता प्रोजेक्ट्समधलाच, यादीत आइनस्टाइन एकटंच, व्हायरसटोटलवर एकच इंजिन ओरडतंय, तेही माझंच. कंपनीला फॉर्म पाठवलाय.

तरी रात्रपाळींचं म्हणणं डोक्यात बसलं. दुकानातल्या पीसीवरून बॉइंक काढतोय. घरी मुलाचा जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यावर बँकेचं, कागदपत्रांचं काही नाही. तिथं बसवतो, सूटही तिथंच देतो.

चादर_आयटी

उत्तम. काढण्याआधी हातातल्या टास्क ॲबॉर्ट करा, म्हणजे त्या लगेच दुसऱ्याकडं जातील, मुदत संपेपर्यंत अडकून राहणार नाहीत. आणि जुन्या डेस्कटॉपचा पंखा साफ करून प्रोसेसर 50 टक्क्यांवर ठेवा. सोलापूरचा मे आहे, अण्णा.