बाबांचा शर्ट आणि पहिला आठवडा

सोनू: (फोटो) सोमवारी युनिव्हर्सिटीचा पहिला दिवस. हे घालून जाऊ का? खरं खरं सांगा. "छान दिसतेस बाळा" नको.

काकू: छान दिसतेस बाळा

सोनू: काकू!!

काकू: अगं, आधी फोटो उघडला, वरचं नंतर वाचलं. बरं, आता खरं विचारते. शर्टाची बटणं उलट्या बाजूला कशी?

सोनू: उलट्या नाहीत, पुरुषी शर्टाच्या बाजूला आहेत. बाबांचा आहे.

बाबा: कधी घेतलास?

आई: ती हल्ली विचारत नाही. तुमचा कप्पा सामाईक झालाय.

मोठे काका: शर्ट ढगळ, पँट ढगळ. आत पोरगी आहे ना नक्की?

दादा: बाबा, ओव्हरसाइज म्हणतात त्याला.

मोठे काका: आमच्या वेळी मापाचं नाही मिळालं की म्हणायचे.

आजी: मला फोटो उघडत नाहीये पण केस कापले का तिने

आई: नाही हो आई, मागे बांधलेत.

आजी: मग ठीक आहे

सोनू: मुद्दा केसांचा नाहीये 😂 मला भीती अशी की तिथे सगळे नवे, सगळे ठरवून तयार होऊन येणार, आणि मी बाबांच्या कपाटातून पळून आल्यासारखी दिसणार. कार्टमध्ये बरंच काही टाकून ठेवलंय. मागवलं तर शनिवारपर्यंत येईल. मागवू?

आई: हे कार्ट मला आत्ता कळतंय.

काकू: मागव की. पहिलं इम्प्रेशन असतं. मी मागे वाचलं होतं, प्रिन्स्टनच्या विलिस आणि टोडोरोव्ह या दोघांनी २००६ मध्ये तपासलंय. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी माणूस विश्वासू आहे की नाही, हुशार आहे की नाही, याबद्दल लोक मत बनवून मोकळे होतात. जास्त वेळ दिला तरी ते मत फारसं बदलत नाही, खात्री तेवढी वाढते.

दादा: आई, ते चेहऱ्याबद्दल आहे. चेहरा कार्टमध्ये मिळत नाही.

काकू: तू गप्प बस. स्वतः इस्त्री न करता जातोस.

दादा: जातो, आणि कुणी बघत नाही, हेच सांगायचंय. सोनू, हे वाच. कॉर्नेल युनिव्हर्सिटीत गिलोविच, मेडवेक आणि सॅवित्स्की यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा भलामोठा फोटो असलेला टीशर्ट घालायला लावायचे. कॉलेजच्या पोरांना तो घालायची लाजच वाटावी असा. मग त्याला अशा खोलीत पाठवायचे जिथे बाकीचे आधीच बसून फॉर्म भरतायत. थोड्या वेळाने बाहेर बोलवून विचारायचे, किती जणांच्या लक्षात आलं असेल टीशर्टवर कोण आहे? तो म्हणायचा, निम्म्यांच्या तरी. खरे आकडे पाहिले तर जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलेलं.

सोनू: पाव म्हणजे पण कमी नाहीत रे. वर्गात शंभर असले तर पंचवीस जण.

दादा: पुढे ऐक. मग त्यांनी उलटं केलं. मिरवावासा वाटेल असा टीशर्ट दिला, बॉब मार्ली, मार्टिन ल्यूथर किंग वगैरे. घालणाऱ्यांचा अंदाज पुन्हा निम्म्याच्या आसपास. लक्षात आलं १० टक्क्यांच्याही आत.

ताई: म्हणजे फजिती पण कुणी बघत नाही आणि स्टाइल पण कुणी बघत नाही. बिचाऱ्या सोनूचं कार्ट.

सोनू: हे ऐकून बरं वाटायला हवं की वाईट?

ताई: मला तर बरंच वाटलं असतं. पहिल्या वर्षी मी पहिल्या दिवसासाठी म्हणून जे घेतलं, ते मैत्रिणींना आज विचारलं तर एकीलाही सांगता येणार नाही. त्यांच्या लक्षात काय आहे? मी वर्ग शोधत भलत्याच इमारतीत गेले होते ते.

मोठे काका: म्हणून म्हणतो, युनिव्हर्सिटीत पण गणवेश पाहिजे. प्रश्नच मिटला.

दादा: ऑक्सफर्डला आहे तसं. रोज नाही, परीक्षेला. गडद सूट किंवा स्कर्ट, पांढरा शर्ट, वर काळा गाऊन. आणि गंमत म्हणजे २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनाच मतदान करून विचारलं की हा पोशाख सक्तीचा ठेवायचा का. तीन चतुर्थांशांहून जास्त जणांनी ठेवा म्हणून सांगितलं.

मोठे काका: बघा! शहाणी पोरं.

ताई: मामा, पुढचं पण ऐका. तीच शहाणी पोरं त्या गाऊनवर फूल लावतात. पहिल्या पेपरला पांढरं कार्नेशन, मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल. गणवेश द्या नाहीतर काही द्या, माणूस त्यात स्वतःचं काहीतरी घुसडणारच.

मोठे काका: फुलाला माझी हरकत नाही. ढगळपणाला आहे.

सोनू: काका, मला एकदा नीट सांगू द्या. शाळेत इतकी वर्षं युनिफॉर्म होता. सकाळी उठून कपडे निवडायचे असतात हेच मला माहीत नव्हतं. युनिफॉर्म सुटला तेव्हा मी सगळं काळं घेतलं, कारण काळ्यावर काळं जातं आणि डोकं चालवावं लागत नाही. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, कुणाचा शोक चाललाय. मग मी हुबेहूब ताईसारखे कपडे घ्यायला लागले. ते ताईवर चांगले दिसायचे. मग सगळं घट्ट, कारण मैत्रिणी तसंच घालायच्या, आणि त्यात मी वर्गात दिवसभर पोट आत ओढून बसायचे. आता हे. आईला वाटतं मी दर सहा महिन्यांनी कुणीतरी वेगळीच होते. मला तसं वाटत नाही. मला वाटतं मी एकेक गाळत आलेय. बाबांच्या शर्टात मी कशी दिसतेय हे मी विसरते. बाकी कशात विसरले नव्हते.

आई: मी असं कधी म्हटलं?

सोनू: तोंडाने नाही म्हटलंस.

बाबा: शर्ट ठेव तू.

काकू: शर्टाचं समजलं. पण पँट तरी मुलींची घे की गं.

सोनू: खिसे! मुलींच्या जीन्समध्ये फोन अर्धा बाहेर राहतो. हा माझा हट्ट नाहीये. द पुडिंग नावाच्या साइटने २०१८ मध्ये वीस ब्रँडच्या ८० जीन्स घेऊन खिसे मोजले होते. बायकांचे पुढचे खिसे सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. म्हणजे जवळजवळ निम्मेच! दादाच्या जुन्या पँटमध्ये फोन, चाव्या, आयकार्ड, सगळं राहतं.

दादा: माझी पँट पण??

आई: घरातल्या पुरुषांनी आपापले कप्पे तपासून घ्या.

आत्या: आत्ता मोकळी झाले, सगळं वाचलं. मानसशास्त्र पुरे झालं, आता जरा कापडाचं बोलू. सोनू, दोन्ही हात वर करून एक फोटो पाठव. समोरून.

सोनू: (फोटो)

आत्या: बघ, हात वर केला की अख्खा शर्ट वर येतोय, पोट दिसतंय. खांद्याची शिवण खांद्यावर नाहीये, चार बोटं खाली दंडावर उतरलीय. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोल जागा, त्यामुळे खोल गेला. मुंढा खोल असला की हाताबरोबर सगळं अंग ओढलं जातं. बसमधे वरची दांडी धरशील तेव्हा कळेल. खांदा आत घ्यायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवायची, तो खटाटोप करू नकोस. तो खांदा तसाच राहू दे, ढगळ दिसण्यातली मजा तिथेच आहे. आत एक साधा बनियन किंवा टीशर्ट घाल, प्रश्न मिटला.

आत्या: आणि खालचं शेवटचं बटण लावू नकोस. पुरुषी शर्ट छातीत सैल आणि नितंबांवर घेरात कमी असतो. तिथे तुझ्या बटणाशी आडव्या चुण्या पडल्यात, फोटोत दिसतायत. ते एक बटण उघडं ठेवलंस की शर्ट सरळ खाली पडेल. मोठ्या भावाला जो "ढगळपणा" खुपतोय ना, तो ढगळपणा नाहीच, ती ओढ आहे.

मोठे काका: हे आधी सांगायचं ना.

सोनू: (फोटो) बटण उघडलं.

काकू: अय्या, खरंच की. हे चांगलं दिसतंय. आणि हे मी वाचून म्हणतेय.

आत्या: बाह्या लांब आहेत, त्या कापू नकोस. दोन घड्या मारून कोपराच्या खाली आण. पहिली घडी कफाएवढी रुंद घे, म्हणजे दर दहा मिनिटांनी सुटत नाही. आता कार्टमध्ये काय काय आहे ते सांग.

सोनू: गडद निळी जीन्स, पांढरे शूज, दोन विणीचे पातळ स्वेटरसारखे टॉप, एक ब्लेझर, तीन टीशर्ट, कॅनव्हासची बॅग.

आत्या: गडद निळी जीन्स आणि पांढरे शूज एकाच दिवशी नवे? निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवरच बसतो, आतलं सूत पांढरंच राहतं. म्हणूनच जीन्स घासली जाते तिथे फिकी होते आणि छान जुनी दिसते. पण नवी असताना तोच रंग तुझ्या शुजांच्या कडेला आणि बॅगेच्या मागच्या बाजूला लागणार. घ्यायचीच असेल तर आधी उलटी करून, गार पाण्यात, वेगळी धू. पहिल्या दिवशी नकोच.

ताई: विणीचे टॉप तर घेऊच नकोस. लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा खांद्यावर घासतो, महिन्याभरात तिथे बारीक बारीक गोळे येतात. माझे दोन गेले असे.

दादा: आणि ब्लेझर कशाला? मुलाखत आहे का?

सोनू: मला वाटलं ब्लेझरमध्ये मी जरा... युनिव्हर्सिटीतली वाटेन.

आत्या: तू युनिव्हर्सिटीतलीच आहेस. प्रवेश झालाय.

आत्या: माझं म्हणणं ऐक. एक महिना काही घेऊ नकोस. तुला अजून काहीच माहीत नाही गं. वर्गात एसीने कुडकुडायला होतं की पंखा पण नसतो? दोन तासांमध्ये किती चालायचंय? बाकावर बसता की पायऱ्यांवर? कपडे तुझ्या टाइमटेबलनेच ठरणार आहेत, आणि टाइमटेबल तू अजून पाहिलेलं नाहीस. आत्ता जे घेशील ते मनातल्या कुठल्यातरी मुलीसाठी घेशील. ती मुलगी सोमवारी येणारच नाहीये, तू जाणार आहेस. तेव्हा ज्यात उठबस झालीय, जे धुऊन मऊ झालंय, ते घाल. महिन्याने पुन्हा कार्ट उघड. जे तेव्हाही हवंसं वाटेल ते घे, मी पैसे देते.

आई: नको हो, लाडावून ठेवाल.

आत्या: बहुतेक एक जीन्सच उरेल बघ.

काकू: वन्सं, मला पटतंय, पण एक नवी वस्तू तरी असू दे. नवीन सुरुवात आहे, मनाला पण काही वाटतं की नाही? टीशर्ट घेऊ दे एखादा.

आत्या: घेऊ दे. फक्त कापडाचं वजन बघून. लेबलवर किंवा माहितीत जीएसएम लिहिलेलं असतं, एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. १८० च्या आसपास असलं तर बरा अंग धरतो, १४० चा असला तर बहुतेक आतलं दिसतं. आणि पूर्ण सुती असेल तर पहिल्या धुण्यात थोडा आटणार, ते धरूनच माप घे.

सोनू: लिहून घेतलं. ब्लेझर काढला. टॉप काढले. शूज पण काढले.

ताई: शूज थांब! तुझं केमिस्ट्री आहे ना? लॅबमध्ये पाय पूर्ण झाकणारे शूज लागतात, सँडल घालून गेलीस तर दारातूनच परत पाठवतात. पांढरे नको, पण बंद शूज घे. जुने असतील तर तेच चालतील.

सोनू: जुने आहेत, काळे. काळ्या काळातले.

ताई: उत्तम. आणि लॅबकोट सुतीच घे. सिंथेटिक पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. बाबांच्या शर्टाच्या बाह्या लॅबमध्ये मात्र घड्या घालून वर ठेवायच्या नाहीत, पूर्ण खाली आणि कोटाच्या आत.

मोठे काका: म्हणजे शेवटी गणवेश आहेच. कोट.

दादा: बाबा जिंकले.

सोनू: काका, कोटाच्या खिशाला मी पिवळ्या दोऱ्याने काहीतरी भरणार आहे. आधीच सांगून ठेवते.

मोठे काका: काय भरणार आहेस?

सोनू: अजून ठरलं नाही.

आजी: फोटो उघडला आत्ता. शर्ट चांगला आहे. याच्या कॉलरचं वरचं बटण सैल झालंय ते शिवून घे मग घाल

आई: आई, तुम्हाला ते एवढ्याशा फोटोत दिसलं?

आजी: मोठा करून पाहिला

सोनू: आहे खरंच सैल. आई, सुई कुठे आहे?

आई: शिवता येतं का तुला?

सोनू: आत्याला व्हिडिओ कॉल लावते.

आत्या: लाव. दोरा दुहेरी घे, आणि बटणाखाली काडेपेटीतली एक काडी ठेवून शिव, म्हणजे मागे कापडाला जागा राहते. शेवटी काडी काढून दोऱ्याला तीन वेढे दे आणि गाठ मार.

बाबा: तेवढ्यात माझ्या निळ्या शर्टाचं पण बघ, कफाचं गेलंय.

सोनू: तो पण माझ्याकडेच आहे बाबा.