एबीआय चांगला आला तरी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्या
एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर, 1.4 आला म्हणजे पायाचा रक्तपुरवठा उत्तम, असा दावा केला जातो. पायाला जखम असलेल्या मधुमेही रुग्णात हे अजिबात धरून चालू नका. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती कडक होते, कफ फुगवला तरी नीट दबत नाही आणि आकडा खोटाच वाढतो. पायाच्या बोटांतल्या धमन्या बहुधा यातून वाचतात, म्हणून छोटा कफ लावून अंगठ्याचा दाब मोजा. तो 30 मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला) तातडीने बोलवा. नुसत्या ड्रेसिंगवर अशी जखम भरणं फार कठीण.

कल्चरचंही, म्हणजे जखमेतले जंतू उगवून ओळखायच्या तपासणीचंही, तेच: निकाल फसवू शकतो. जखमेवर वरवर फिरवलेल्या स्वॅबमध्ये (कापसाच्या बोळ्यात) पृष्ठभागावरचे जंतू उगवतात आणि अँटिबायोटिक चुकतं. संसर्गाची लक्षणं असतील तरच, जखम धुऊन, मृत भाग काढून, तळातला ऊतींचा तुकडा क्युरेटने (खरवडायच्या छोट्या उपकरणाने) घेऊन पाठवा; शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. त्याच वेळी निर्जंतुक बोथट प्रोब (बारीक सळई) हळूच जखमेत घाला. टोकाला टणक, खरखरीत लागलं तर एक्स-रे स्वच्छ असूनही हाडाच्या संसर्गाचा संशय सोडू नका, कारण फिल्मवर बदल उमटायला दोन-तीन आठवडे जातात.