मदत हवी आहे : 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा क्रम पहिल्यांदा कुठे छापला गेला?

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या फलकासाठी या वाक्याचा पक्का छापील पुरावा हवा आहे.

बाबासाहेबांच्या जुलै १९४२ च्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे, म्हणजे संघटन शेवटी. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं ब्रीदही हेच. त्याआधी, १८८० च्या दशकात, ब्रिटनमधली सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशन ही समाजवादी संघटना हीच घोषणा देत होती. मराठीत मात्र संघर्ष शेवटी गेला. हा फरक किरकोळ नाही. 'अ‍ॅजिटेट'मध्ये आधी मनं चेतवणं येतं, मग संघटना. म्हणून काही जण 'शिका, चेतवा, संघटित व्हा' असं भाषांतर करतात आणि मला तेच जवळचं वाटतं.

ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात किंवा नवी मुंबईत कुणाच्या घरी बाबासाहेबांच्या 'जनता' साप्ताहिकाचे १९४२ ते १९५६ मधले अंक असतील तर कृपया पाहाल का? फक्त त्या ओळीचा फोटो नको. तारखेसह पूर्ण पान हवं. पुस्तक असेल तर मुखपृष्ठाच्या आतलं पान आणि त्याची मागची बाजूही, कारण नंतरच्या आवृत्त्यांत संपादकांचे बदल शिरतात.

स्कॅन केलेल्या प्रतींत शोधताना 'संघटीत', 'लढा' हेही टाका. रफार बऱ्याचदा नीट वाचला जात नाही, त्यामुळे 'संघर्ष' सापडत नाही. नुसतं 'शिका' शोधलेलं बरं. दिनदर्शिका किंवा पुतळ्याखालची पाटी चालणार नाही.