कुंपणाच्या फळ्या
जुने बॉल नि ग्लोव्हज फळीवर ठोकले की झाली का कला, की हा नुसता छंद, असं खेळाच्या जुन्या सामानापासून केलेल्या कलेबद्दल विचारलं जातंय, पण एर्नी बार्न्स कसा काय आठवला नाही कुणाला? पठ्ठ्या १९६० पासून अमेरिकेत प्रो अमेरिकन फुटबॉल खेळला, मग फुलटाइम चित्रकार. जोडकाम (वस्तू जोडून कलाकृती) करणारा नव्हे म्हणा, पण वडील आजारी असताना घराचं मोडकळीला आलेलं लाकडी कुंपण दिसलं आणि त्याच ऊनपावसाने पिचलेल्या फळ्यांच्या त्याने चित्रांना फ्रेमा केल्या. आत ताणलेले, लांबच लांब हातपायांचे खेळाडू, डोळे मिटलेले. मला तर चित्राइतकीच ती फ्रेम आवडते. आणि 'छंद' म्हणणाऱ्यांसाठी, त्याचं 'शुगर शॅक' हे चित्र (खेळाचं नाही, नाचाचं) २०२२ मध्ये लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेलं, अंदाज होता जेमतेम दोन लाखांचा!