तत्त्वज्ञान अन् भाषाशास्त्र, दोन्ही पहिल्याच वर्षी झेपेल का?

प्रश्न (दारव्हा तालुका): बी.ए.ला तत्त्वज्ञान मेजर, भाषाशास्त्र मायनर घ्यायचा विचार चालू आहे. गणित दहावीपुरतंच. तत्त्वज्ञानातलं तर्कशास्त्र जड जाते म्हणतात, खरं का?

उत्तर: गणित लागत नाही भाऊ, सराव लागतो. सत्यतासारणीत, म्हणजे विधानं सत्य-असत्य असण्याच्या सगळ्या शक्यतांच्या तक्त्यात, 2 विधानांना 4 ओळी, 3 असली की 8. पोरं ओळी मनानं भरतात अन् एखादी सुटते. पहिला स्तंभ अर्धा सत्य, अर्धा असत्य. पुढचा त्याच्या निम्म्या टप्प्यानं भरा. 'जर–तर'मध्ये पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, असत्य असलं की अख्खं विधान सत्य धरतात, तिथं बहुतेकांची गाडी अडते.

दुसरं उत्तर: भाषाशास्त्रात लिपी बाजूला ठेवा, कान वापरा. दुनिया या अर्थाचा 'जग' अन् 'शंभर वर्षं जग' यातला 'जग', लिहायला सारखेच. उच्चारात ज वेगळा, म्हणून स्वनिम, म्हणजे अर्थ बदलणारे ध्वनी, दोन. वऱ्हाडीत डोळ्याचा 'डोया' होते. त्याला अशुद्ध म्हणाल तर मार्क गेलेच. ळचा य कुठं होतो, कुठं नाही, ते उदाहरणांसह दाखवा. घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून पन्नासेक शब्द टिपा, प्रकल्प आयता तयार.

पहिले उत्तरकर्ते: जुना वैयाकरण भर्तृहरी, त्याचा स्फोटसिद्धान्त (शब्दाचा अर्थ अखंड, एकदम उमगतो हे मत) दोन्हीकडे कामी येतो. अन् फॉर्म भरायच्या आधी विचारा, मायनर शिकवायला माणूस आहे का नाही. खेड्यातल्या कॉलेजात खरी अडचण ती.